कारवानी कुत्र्यासाठी गळपट्टे आणि दोऱ्या: दोन वर्षांच्या खरेदीचे परीक्षण

गेल्या मार्गशीर्षात लातूरच्या बार्शी रस्त्यावर एका मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज निघाला आणि माझी कुत्री हरणी दचकून मागे सरकली. तिने मान खाली घातली, कान मागे चिकटवले, आणि पुढच्या क्षणी माझ्या हातात दोरी होती, दोरीला पट्टा होता आणि पट्ट्यात काहीही नव्हते. बक्कल तुटले नव्हते, शिवण उसवली नव्हती, आणि पट्टा दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे दोन बोटे जातील इतकाच सैल होता. हरणी दीड तासाने गावाबाहेरच्या उसाच्या फडाकडेला धापा टाकत सापडली. त्या दीड तासानंतर मी पट्टा आणि दोरी या विषयाकडे जितक्या बारकाईने पाहिले, तितके पूर्वी कधी पाहिले नव्हते. गेल्या दोन वर्षांत विकत घेतलेल्या पाच पट्ट्यांचे, चार दोऱ्यांचे आणि एका हार्नेसचे, म्हणजे मानेऐवजी छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांचे, हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरी कारवानी किंवा त्याच्याच धाटणीचे, लांब केसांचे पश्मी कुत्रे आहे आणि ज्यांना त्याला शिकवून एखाद्या प्रदर्शनात उभे करण्याची इच्छा आहे.

कारवानी ही आपल्या भागातली जात आहे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव तिच्या पैदाशीसाठी ओळखले जाते, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ती ‘कारवान हाउंड’ या नावाने आहे. वासापेक्षा नजरेने शिकार हेरून तिच्यामागे धावणारे हे कुत्रे असल्यामुळे त्याची शरीररचना धावण्यासाठी घडलेली असते: खोल छाती, आत गेलेले पोट, लांब मान आणि लांबट, अरुंद डोके. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींमुळे बाजारातले बहुतेक पट्टे निरुपयोगी ठरतात. पट्टे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लॅब्रडॉर किंवा जर्मन शेफर्ड असतो, म्हणजे ज्याचे डोके मानेपेक्षा चांगलेच रुंद आहे असा कुत्रा. आणि पाकिटावरचे स्मॉल, मीडियम, लार्ज हे शिक्के त्याच कुत्र्याच्या वजनावरून मारलेले असतात.

पट्टा मानेतून निसटल्यानंतर मी प्रथम शिंप्याची टेप घेऊन हरणीची मापे घेतली. कानांच्या लगेच मागे, जबड्याखालून, मानेचा घेर ३५ सेंटिमीटर भरला. मान जेथे खांद्याला मिळते तेथे तो ४१ होता. डोक्याचा सर्वांत रुंद घेर, म्हणजे कानांच्या पुढून कपाळावरून जबड्याखाली घेतलेला, फक्त ३८ सेंटिमीटर निघाला. दोन बोटांची जागा ठेवली की पट्ट्याचा घेर सुमारे तीन-साडेतीन सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे ३५ चा ३८ ते साडेअडतीस होतो, आणि तेवढ्या फटीतून ३८ चे डोके सहज बाहेर येते. पुतण्याच्या लॅब्रडॉरचे तेच माप घेतले तेव्हा मान ४५ आणि डोके ५३ निघाले. त्याचा पट्टा चार बोटे सैल असला तरी तो मागे सरकून सुटू शकत नाही. तेव्हा दोन बोटांचा नियम चुकीचा नाही, तो आपल्या कुत्र्यासाठी केलेला नाही, एवढेच. मी शाळेत विज्ञान शिकवतो. इतका साधा हिशेब कुत्री पळून जाईपर्यंत मला सुचू नये, याची लाज वाटते.

जो पट्टा निसटला तो छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या पेट शॉपमधून घेतलेला होता. नायलॉनच्या पट्टीचा, एक इंच रुंद, प्लास्टिकच्या खटक्याचा, किंमत ३५० रुपये. घरात घालून ठेवण्यासाठी आणि त्याला नाव व फोन नंबर कोरलेला बिल्ला लटकवण्यासाठी तो आजही वापरात आहे, आणि त्या कामासाठी त्याच्याविषयी तक्रार नाही. तो हलका आहे, धुता येतो, काळ्या मातीच्या चिखलात लोळल्यानंतर बादलीत बुचकळला तरी संध्याकाळपर्यंत वाळतो. मात्र त्याच्या कडा कापल्यासारख्या धारदार आहेत, आणि कारवानीच्या मानेवर केस इतके आखूड आणि कातडी इतकी पातळ असते की महिन्याभरात तिथले केस झडून वळ दिसू लागला. घेताना पट्ट्याची कड गालावरून फिरवून पाहावी. गालाला जे बोचते ते कुत्र्याच्या मानेलाही बोचते.

त्याच दुकानातून मी ‘शुद्ध चामड्याचा’ म्हणून ९०० रुपयांचा दुसरा पट्टा घेतला होता, आणि या यादीतली ती सर्वांत वाईट खरेदी. पहिल्या पावसात त्याचा थर सुटला आणि आत पुठ्ठ्यासारखा लगदा निघाला. वरचे आवरण रेक्झिनचे होते. कडीवरचा चकचकीत मुलामा दोन महिन्यांत उडाला आणि दोरीचा हुक अडकवायची अर्धगोल कडी सांध्यात उघडू लागली, कारण ती तार वाकवून नुसती टोकाला टोक भिडवलेली होती, सांधा डाकलेला नव्हता. दुकानात परत नेला तेव्हा ‘वापरलेला माल बदलून मिळत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर मी खिशात लहानसे चुंबक ठेवू लागलो. कडी किंवा बक्कल चुंबकाला घट्ट चिकटले तर वर कितीही सोनेरी मुलामा असला तरी आत लोखंड आहे आणि ते गंजणार, हे नक्की. पितळ चिकटत नाही, चांगले स्टेनलेस स्टीलही जवळजवळ चिकटत नाही. पण जस्ताचा ओतीव मिश्रधातूही चिकटत नाही, आणि तो झटक्याने तुटतो, म्हणून चुंबकाची परीक्षा अर्धीच आहे. उरलेली अर्धी हाताने करावी लागते: पितळ त्याच आकाराच्या जस्तापेक्षा हाताला जड लागते, आणि आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला खिळ्याने हलका ओरखडा काढला की पितळ आतूनही पिवळे असते, तर मुलामा दिलेला मिश्रधातू राखाडी दिसतो. दुकानदार ओरखडा काढू देत नसेल तर तो माल सोडून द्यावा. कडीचा सांधा मात्र डोळ्यांनीच पाहावा, आणि तो शिवणीच्या आत लपवलेला असेल तर पट्टा पिळून बाहेर काढून पाहावा.

आता शिकवण्याच्या साखळीविषयी, म्हणजे लोक जिला चोक चेन म्हणतात तिच्याविषयी. आमच्या भागात कुत्रा शिकवायचा म्हणजे ही साखळी आलीच, असा समज आहे, आणि मीही १८० रुपयांना ती घेतली होती. ती घालण्याची एक रीत आहे: कुत्रा आपल्या डाव्या हाताला चालणार असेल, तर त्याच्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर साखळी इंग्रजी पी अक्षरासारखी दिसली पाहिजे, म्हणजे झटका सोडला की ती आपल्या वजनाने सैल होते, उलट घातली तर आवळलेली तशीच राहते. लातूरमध्ये मी पाहिलेल्या बहुतेक साखळ्या उलट घातलेल्या होत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसभर गळ्यात होत्या. नीट घातली तरी तिचा सगळा भार एका बारीक रेघेवर, आणि तोही श्वासनलिकेवर येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी पट्ट्याला ओढ दिली असता डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसला ओढ दिली असता तसा वाढत नाही, असे आढळले होते. तो साध्या पट्ट्याचा निष्कर्ष होता, साखळीची गोष्ट सोडाच. कारवानीच्या मानेवर चरबीचा थर नसल्यासारखाच असतो. मी ती साखळी तीन दिवस वापरली. हरणी शिकली काही नाही, फक्त साखळीचा आवाज आला की खाटेखाली जाऊ लागली. ती साखळी आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.

काटेरी पट्टे आणि विजेचा झटका देणारे पट्टेही ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यांच्याविषयी विस्ताराने लिहिण्याची माझी इच्छा नाही. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे आणि ती योग्य आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, आणि त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे. त्याच कलमात कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवले नाही तर तोही गुन्हा आहे. फाटकाजवळ चार हातांच्या लोखंडी साखळीला वर्षभर बांधलेली कुत्री पाहिली की हे कलम किती जणांनी वाचले असेल असा प्रश्न पडतो. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या उन्हात ती साखळी हाताला चटका देते, मग मानेला काय देत असेल?

जगभरच्या ग्रेहाउंडवाल्यांनी, म्हणजे अशीच लांब मानेची, धावणारी कुत्री पाळणाऱ्यांनी, शोधलेला आणि कारवानीलाही लागू पडणारा उपाय म्हणजे मार्टिंगेल पट्टा. यात मोठ्या फासाच्या दोन टोकांना दोन कड्या असतात आणि त्या कड्यांतून एक लहान फास जातो. दोरी लहान फासाला लागते. कुत्रा सरळ चालत असताना पट्टा सैल राहतो, आणि तो मागे सरकला की लहान फास ओढला जाऊन मोठा फास ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. सगळे मर्म त्या मर्यादेत आहे. हरणीच्या मापाला पट्टा पूर्ण उघडल्यावर ३८ च्या डोक्यावरून निघावा म्हणून ४० सेंटिमीटर हवा, आणि पूर्ण आवळल्यावर ३३ हवा, म्हणजे ३५ च्या मानेला तो घट्ट बसतो तेव्हा दोन कड्यांमध्ये थोडे अंतर शिल्लक राहते. कड्या आधीच एकमेकींना भिडल्या आणि पट्टा मानेला अजून सैल असला, तर तो साधाच पट्टा झाला आणि डोके निघणार. आणि तो २८ पर्यंत आवळत असेल तर त्याला मार्टिंगेल म्हणण्यात अर्थ नाही, ती चोक चेनच आहे. ऑनलाइन मागवलेला माझा पहिला मार्टिंगेल ७५० रुपयांचा होता. रुंदी दीड इंच, अस्तर मऊ, शिवण उत्तम, पण माप बदलण्याची सरकती पट्टी गुळगुळीत असल्यामुळे रोज थोडी थोडी घसरायची आणि आठवड्याला पट्टा दोन सेंटिमीटर सैल व्हायचा. ती पट्टी मी सुईदोऱ्याने शिवून टाकली तेव्हा तो कामाचा झाला.

खरा पट्टा मिळाला तो लातूरच्या गंजगोलाई या बाजारपेठेला मिळणाऱ्या रस्त्यांपैकी एका रस्त्यावरच्या बोळात. तिथे एक वयस्क कारागीर बैलांसाठी घुंगुरमाळा, घोड्यांसाठी लगाम आणि माणसांसाठी कोल्हापुरीच्या धाटणीच्या चपला करतात. मी मानेचे माप कागदावर लिहून नेले होते. त्यांनी कागद न पाहताच विचारले, “कुत्रं कोणतं? कारवानी? मग सर, डोक्याचं माप आना. मानीचं माप घेऊन मी काय करू?” टेप लावून मी शोधलेली गोष्ट त्यांना पन्नास वर्षांच्या हातानेच माहीत होती. मी म्हणालो, “मामा, मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझी कुत्री पळाली नसती.” त्यावर ते काही बोलले नाहीत, मान हलवून कातडे निवडू लागले.

त्यांनी दिलेला पट्टा म्हशीच्या कातड्याचा आहे. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर जाड कातडे म्हणून आपल्याकडे म्हशीचेच येते, असे त्यांनी सांगितले. पट्टा गळ्याखाली पाच सेंटिमीटर रुंद असून दोन्ही टोकांकडे निमुळता होत दोन सेंटिमीटरवर येतो, म्हणजे माशासारखा आकार; ओढ बसली की भार रुंद भागावर पसरतो. तेवढेच बळ दुप्पट क्षेत्रफळावर पडले की दाब निम्मा होतो, हे मी नववीच्या वर्गात दरवर्षी शिकवतो, पण त्याचा इतका सुबक नमुना पूर्वी हातात आला नव्हता. आतून शेळीच्या मऊ कातड्याचे अस्तर आहे, शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांनी घातलेली आहे, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. कड्या ओतीव पितळेच्या आहेत. पट्ट्याचे ८५० रुपये घेतले आणि आठ दिवस लावले.

कातडे तरवडाच्या सालीने कमावलेले आहे, असा त्यांचा दावा होता. तो तपासण्याची एक सोपी रीत आहे: सालीने कमावलेल्या कातड्यात टॅनिन असते आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळानिळा डाग पडतो. मी अस्तराखाली न दिसणाऱ्या जागी ओला लोखंडी खिळा रात्रभर ठेवला, सकाळी शाईसारखा डाग होता. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्यावर असा डाग पडत नाही. याच कारणाने सालीच्या कातड्यावर लोखंडी रिवेट मारू नयेत. भोवताली काळे पडते आणि तिथूनच कातडे कुजू लागते.

दोष दोन निघाले आणि ते नोंदवणे भाग आहे. लहान फासही त्यांनी कातड्याचाच केला होता, आणि कातडे ओले झाले की कडीतून घसरेना, त्यामुळे एकदा आवळलेला पट्टा पावसात आवळलेलाच राहिला. हे सांगितल्यावर त्यांनी तो फास काढून पितळी साखळीचा तुकडा बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. या बदलाचा अनपेक्षित लाभ असा झाला की साखळी कडीतून सरकताना बारीक खळखळ होते आणि हरणी ती ऐकून, ओढ बसण्याच्या आधीच, सावध होते. दुसरा दोष रंगाचा. पहिल्या पावसात तपकिरी रंग सुटला आणि तिच्या तांबूस मानेवर महिनाभर डाग राहिला. पुढचा पट्टा मी बिनरंगाचा सांगितला आहे.

चामड्याला आपल्या हवेत निगा लागते. मार्च ते मे मधल्या कोरड्या उन्हात ते तडकते आणि श्रावणात त्यावर बुरशी येते. मी महिन्यातून एकदा एरंडेलाचे चार थेंब कपड्यावर घेऊन चोळतो. चार थेंब म्हणजे चार थेंबच; पहिल्या वेळी मी वाटीत बुडवल्यासारखे तेल चोपडले, पट्टा एका सेंटिमीटरने लांबला आणि आवळण्याची सगळी मर्यादा बिघडली. मार्टिंगेलच्या बाबतीत एक सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ.

मार्टिंगेल घरात घालून ठेवू नये. लहान फास खिडकीच्या गजात किंवा खाटेच्या पायात अडकला तर कुत्रा जितका ओढेल तितका तो आवळेल. बाहेर निघताना घालावा, परत आल्यावर काढावा. घरी साडेतीनशे रुपयांचा नायलॉनचा पट्टा आणि त्यावरचा बिल्ला पुरेसा आहे.

दोरीच्या बाबतीत लोक पट्ट्याहून कमी विचार करतात, आणि माझ्या मते इथेच पैसे अधिक वाया जातात. शिकवण्यासाठी सहा फुटांची दोरी हवी: ती हातात अर्धी गोळा केली की कुत्रा पायाशी चालतो, पूर्ण सोडली की बसवून चार पावले दूर जाता येते. चार फुटांच्या दोरीत कुत्रा सतत ताणलेला राहतो आणि ताण हीच चालण्याची नेहमीची अवस्था आहे, असे त्याला वाटू लागते. योग्य दोरी हातापासून पट्ट्यापर्यंत झोळ घेऊन लोंबली पाहिजे. माझ्या चारपैकी दोन दोऱ्या नायलॉनच्या होत्या. हरणी एकदा सशामागे सुटली तेव्हा त्यातली एक तळहातातून सरकली आणि तळव्यावरची कातडी भाजल्यासारखी निघाली. तिसरी कासऱ्यासारखी पिळाची सुती दोरी, तीही त्याच बोळातून, १५० रुपयांची. हाताला ती सर्वांत मऊ, पण ओली झाली की दुप्पट जड होते आणि गोखरू व कुसळे तिच्यात असे रुततात की घरी येऊन अर्धा तास वेचावी लागतात. चौथी कातड्याची, टोकाला मूठ शिवलेली नसून कातडेच चिरून वेणीसारखे गुंफलेली, त्यामुळे उसवायला शिवणच नाही. ती पाऊण इंच रुंद आहे, वापरून वापरून हाताच्या आकाराची झाली आहे आणि ५०० रुपयांत मी याहून चांगली वस्तू कोणतीही घेतलेली नाही.

हुकाचे वजन पाहावे. पिल्लाच्या दोरीला बैलाच्या दाव्याचा हुक लावलेला असतो आणि तो प्रत्येक पावलाला त्याच्या हनुवटीवर आपटतो. मग पिल्लू दोरीला घाबरते आणि मालक म्हणतो की ते हट्टी आहे.

चाकावर गुंडाळली जाणारी, बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी कारवानीसाठी घेऊ नये. कारण गणिताचे आहे. ग्रेहाउंडसारखी कुत्री ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतात. हरणी त्याच्या निम्म्या वेगापेक्षा थोडी अधिक, म्हणजे सेकंदाला १० मीटर धावली असे धरू. तिचे वजन २२ किलो. दोरी संपल्यावर ती अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर मानेवर येणारे बळ सुमारे २,२०० न्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपासच्या भाराइतके होते. ही आकडेमोड ढोबळ आहे, पण एवढा झटका मानेला देण्याची माझी तयारी नाही. हाक मारल्यावर परत येण्याचा सराव मोकळ्या रानात करताना लांब दोरी लागतेच. मी तीस फुटांची वापरतो, पण ती पट्ट्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावतो, आणि ती पूर्ण ताणली जाण्याआधी तिच्याबरोबर चार पावले धावतो. हार्नेस घेताना काखेत पट्टी घासणार नाही आणि खांद्याचे हाड मोकळे फिरेल, असा वाय आकाराचा घ्यावा. खोल छातीमुळे कारवानीला लार्ज आकार लागतो आणि मग पोटाशी तो सैल पडतो, म्हणून पोटाची पट्टी वेगळी आवळता येणे आवश्यक आहे. बाराशे रुपयांना घेतलेल्या माझ्या हार्नेसमध्ये ती सोय आहे.

तोंडावर चढवायचा हॉल्टर घोड्याच्या म्होरकीच्या तत्त्वावर चालतो: जिकडे तोंड, तिकडे धड. जाड मानेच्या, हळू ओढणाऱ्या कुत्र्याला तो उपयोगी पडत असेल. एकदम झेप घेणाऱ्या लांब मानेच्या कुत्र्याला मी तो लावणार नाही.

प्रदर्शनाच्या दोरीचे शास्त्र याहून वेगळे आहे, कारण तिथे दोरीने थांबवायचे नसून दिसू न देता दिशा द्यायची असते. शो लीड म्हणजे पट्टा आणि दोरी मिळून एकच बारीक वस्तू: चार ते सहा मिलिमीटर जाडीची, टोकाला फास, आणि फास पक्का करणारा एक सरकता मणी. रंग कुत्र्याच्या रंगाशी मिळता असावा, म्हणजे परीक्षकाच्या नजरेला मानेची रेघ तुटलेली दिसत नाही. याच कारणाने वर वाखाणलेला पाच सेंटिमीटरचा पट्टा रिंगणात निरुपयोगी आहे. लांब मान हेच ज्या जातीचे सौंदर्य, तिची अर्धी मान तो झाकून टाकतो. फास कानांच्या लगेच मागे, जबड्याखाली उंच बसवावा. तो खाली घसरून मानेच्या बुडाशी आला की कुत्र्याचे सगळे बळ त्याच्यामागे येते आणि हँडलरच्या, म्हणजे कुत्रा चालवणाऱ्याच्या, हातात काही राहत नाही. पश्मीच्या कानांवर आणि मानेवर लांब केस असतात, त्यात सपाट दोरी अडकते. तिथे गोल वळलेली दोरी घ्यावी.

अनेक हौशी लोक शो लीड वर ओढून कुत्र्याचे डोके उंच धरतात, कारण त्यामुळे तो ऐटदार दिसतो असे त्यांना वाटते. उभ्या कुत्र्याला ते एक वेळ चालेल. पण परीक्षक त्याला त्रिकोणात धाववायला सांगतो तेव्हा वर ओढलेल्या कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवर पूर्ण टेकत नाहीत, पाऊल आखूड पडते, आणि ज्या चालीसाठी गुण मिळायचे तीच बिघडते. दोरीचा उरलेला भाग घडी घालून डाव्या तळहातात गोळा करावा; ती गुडघ्याशी लोंबत राहिली तर कुत्र्याचे लक्ष तिच्याकडेच जाते. या सगळ्याची सवय घरच्या अंगणात निदान पंधरा दिवस आधी, दिवसातून पाच मिनिटे, भाजलेल्या काळजाचा तुकडा हातात घेऊन करावी. ऐन दिवशी नवी शो लीड घालून आणलेली कुत्री मी पाहिली आहेत; ती चालण्याऐवजी मान झटकत राहतात. माझी शो लीड २५० रुपयांची, ऑनलाइन मागवलेली आहे. दोरी उत्तम, मणी सैल. मी त्याच्यामागे दोऱ्याची एक गाठ मारली आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथे अश्व, कुक्कुट यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन असते. ज्याच्या सोबतीला कुत्रा असतो त्या देवाच्या यात्रेत कुत्र्यांचे कौतुक व्हावे, हे साजेसेच आहे. पण ते शहरातल्या केनेल क्लबच्या शोसारखे आखीव रिंगण नव्हे. घोड्यांची खिंकाळी, कर्ण्याचा आवाज, उडणारा भंडारा आणि माणसांचा लोंढा यांतून कुत्र्याला वाट काढून न्यावे लागते. तिथे केवळ शो लीडवर कारवानी नेणे म्हणजे बार्शी रस्त्याची पुनरावृत्ती ठरेल. मी गर्दीतून नेताना चामड्याचा मार्टिंगेल आणि कातड्याची दोरी लावतो, रिंगणाच्या कडेला पोहोचल्यावर आधी शो लीड चढवतो, तिचा मणी सरकवून हात लावून पाहतो आणि त्यानंतरच मार्टिंगेल उतरवून खांद्यावर टाकतो. बाहेर पडताना हाच क्रम उलटा. मधल्या एका क्षणासाठीसुद्धा कुत्री दोन्ही पट्ट्यांविना असता कामा नये. यात्रेतल्या दुकानांत कवड्यांच्या माळा, गोंडे आणि घुंगरे लावलेले सुंदर पट्टे मिळतात. मीही एक घेतला आहे, फोटोपुरता. धावताना घुंगरे वाजू लागली की हरणी थांबून स्वतःच्याच मानेकडे पाहते.

बोळातल्या त्या कारागिरांकडे पट्टा करून घ्यायचा असेल तर वेळ पाहून जावे. पोळ्याच्या आधीचा महिना त्यांना बैलांच्या सामानातून मान वर काढायला सवड नसते, आणि माळेगावच्या यात्रेआधी घोडेवाल्यांची रीघ असते. पोळा झाल्यावर, दिवाळीच्या आधी गेल्यास काम आठ दिवसांत आणि निवांत होते. कुत्र्याला बरोबर नेता आले तर उत्तम. नाही तर डोक्याचा घेर, कानामागचा घेर आणि मानेच्या बुडाचा घेर, ही तीन मापे याच क्रमाने लिहून न्यावीत. पिल्लू वर्षाचे होईपर्यंत चामड्यात पैसे घालू नयेत, कारण तोवर तिन्ही मापे बदलत राहतात.